सॅल्मन रोल की कोळंबी टेम्पुरा रोल?

सुशी खायचीय, पण वजनही सांभाळायचंय, मग कुठला रोल मागवू, असं भाचीने विचारलंय.

भात दोन्हींत आहेच, आणि त्यात व्हिनेगरसोबत साखर-मीठही कालवलेलं असतं. नोरीतलं, म्हणजे रोलभोवतीच्या समुद्री शेवाळाच्या पापुद्र्यातलं, आयोडीनही दोन्हींत. खरा फरक सारणात. सॅल्मनमधून प्रथिनं, ओमेगा-३ स्निग्धाम्लं आणि ब-१२ जीवनसत्त्व मिळतं. कोळंबीही प्रथिनांना उत्तमच, पण टेम्पुऱ्यात तिच्याभोवती मैद्याचं तळलेलं आवरण आणि बहुतेकदा वर मेयोनीज. उष्मांक तिथेच चढतात.

मिठाला दोन्ही सारखेच. मोठा चमचाभर सोया सॉसमध्ये साधारण ९०० मिलिग्रॅम सोडियम असतं, दिवसाची मर्यादा २००० मिलिग्रॅम. तुकडा बुडवू नकोस, नुसती कड टेकव.

नेहमी खाणार असशील तर सॅल्मन घे. सॅल्मन रोलमधला कच्चा मासा चालत नसेल, किंवा गरोदरपणात, टेम्पुरा बरा. मेयोनीज वगळायला सांग.