कामगार प्रशिक्षणासाठी व्हीआर घ्यायचं की एआर?

व्हीआर (व्हर्च्युअल रिअॅलिटी) म्हणजे हेडसेट लावून पूर्ण आभासी दृश्यात शिरणं; एआर (ऑगमेंटेड रिअॅलिटी) म्हणजे चष्म्यातून किंवा टॅबलेटवर समोरच्या खऱ्या वस्तूवर सूचना उमटवणं. यातलं काय घ्यावं हा प्रश्न पडलेल्याने दोन्हीचे डेमो बहुधा पाहिलेले असतात. त्यामुळे रेझोल्यूशन, बॅटरी, वजन यांत मी शिरत नाही. असेंब्ली आणि मेंटेनन्सच्या लोकांसाठी ही निवड मला करावी लागली, आणि दोन्ही वापरून झालेलं माझं मत इथे मांडतो.

आधी व्हीआरबद्दल. जे काम खऱ्या मशीनवर शिकवताच येत नाही, तिथे त्याला तोड नाही. पॅनेलला आग लागली, वायुगळती झाली, लॉकआउट-टॅगआउट (दुरुस्तीआधी मशीनचा पुरवठा तोडून त्याला कुलूप आणि पाटी लावणं) न करता कुणी मशीनच्या संरक्षक गार्डच्या आत हात घातला, तर पुढे काय होतं हे दाखवणार कसं? वर्गातल्या स्लाइडवर सगळे माना डोलावतात. हेडसेटमध्ये तोच प्रसंग समोर उभा राहिला की माणूस खरोखर दचकतो. वेल्डिंगमध्येही टॉर्चचा कोन आणि हाताचा वेग सुधारेपर्यंत एकही प्लेट वाया जात नाही. शिवाय शिकवण्यासाठी लाइन थांबवावी लागत नाही, हे उत्पादन विभागाला विचारा. फोक्सवॅगनने २०१८ साली १०,००० कर्मचाऱ्यांना व्हीआरमधून प्रशिक्षण देण्याचं जाहीर केलं, ते उगाच नव्हे.

व्हीआरमध्ये लोक ‘चारपट वेगाने शिकतात’ हा दावा मात्र जरा तपासून घ्या. तो पीडब्ल्यूसी या सल्लागार कंपनीच्या २०२० च्या अभ्यासातला आहे आणि तो अभ्यास व्यवस्थापकांच्या नेतृत्व प्रशिक्षणाचा होता. टॉर्क रेंच (ठरावीक जोराने बोल्ट आवळायचा पाना) हातात घेणाऱ्याला तो लागू होईलच असं नाही.

माझं मन व्हीआरवरून उडालं ते एका वेगळ्याच कारणाने: आतलं दृश्य शिळं होतं. चालत्या कारखान्यात काहीच जागचं राहत नाही. फिक्स्चर (काम चालू असताना भाग धरून ठेवणारा साचा) बदलतं, सेन्सर सरकतो, कुणाच्या तरी सूचनेवरून स्टार्ट बटण डावीकडून उजवीकडे जातं. सुधारणा म्हणतात ती हीच, आणि ती थांबू नये. पण हेडसेटमधलं मशीन जसंच्या तसं राहतं. ते बदलायचं म्हणजे नवं थ्रीडी मॉडेल, पुन्हा प्रोग्रॅमिंग, पुन्हा तपासणी, आणि हे सगळं बाहेरच्या माणसांकडून. ते होईपर्यंत नवा ऑपरेटर जुन्या जागी हात नेण्याचा सराव करतो, आणि तीच सवय घेऊन लाइनवर येतो. अनुभवी कामगार तर पहिल्याच फेरीत सांगतो, ‘साहेब, हे आपलं मशीन नाही.’ त्यानंतर त्याचा त्या हेडसेटवर विश्वास बसत नाही. यावर आम्हाला समाधानकारक तोडगा सापडला नाही. तुमची मशीन वर्षानुवर्षं तशीच राहत असतील, तर कदाचित तुम्हाला हा त्रास होणारही नाही.

एआरमध्ये मशीन खरंच समोर असतं, त्यावर फक्त सूचना उमटतात. बटण हललं तर सुपरवायझर नवा फोटो काढतो, बाण सरकवतो आणि पुढच्या पाळीला सुधारलेली सूचना मिळते. शिवाय पाना खरा, बोल्ट खरा, आणि आवळताना हाताला जाणवणारा ताणही खरा. एआर हे नावही अशाच गरजेतून आलं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बोइंगमध्ये टॉम कॉडेल आणि डेव्हिड मिझेल यांना विमानाच्या वायर हार्नेसची (तारांच्या जुडग्यांची) जोडणी सोपी करायची होती.

अडचणी इथेही आहेत. मार्करवर (कॅमेऱ्याला जागा ओळखता यावी म्हणून मशीनवर लावलेल्या खुणेवर) तेल उडालं किंवा प्रकाश बदलला की बाण शेजारच्या बोल्टवर जातो. प्रेसच्या आवाजात व्हॉइस कमांड चुकतात, हातमोज्यांत हातांच्या खुणा नीट ओळखल्या जात नाहीत. उपकरणांचाही भरवसा नाही. गूगल ग्लास या स्मार्ट चष्म्याच्या उद्योगांसाठीच्या (एंटरप्राइझ) आवृत्तीची विक्री २०२३ मध्ये थांबली, मायक्रोसॉफ्टच्या होलोलेन्स २ या एआर हेडसेटचं उत्पादन २०२४ मध्ये. म्हणून सूचना एखाद्याच चष्म्यात अडकवू नका. त्या साध्या टॅबलेटवरही चालायला हव्यात.

त्याहून मोठा धोका म्हणजे माणूस बाणाच्या मागे जातो आणि काम शिकतच नाही. टॅबलेट बाजूला केला की अडतो. यावर आम्ही सूचना टप्प्याटप्प्याने कमी करत नेतो: आधी सगळे बाण, मग फक्त चुकण्याच्या जागा, शेवटी नुसती तपासणी. एवढी शिस्त पाळणारा प्रशिक्षक तुमच्याकडे नसेल, तर एआरचा निम्मा फायदा हातचा जाईल असं मला वाटतं.

तेव्हा आग, गळती, उंचीवरचं काम अशा धोक्याच्या प्रसंगांसाठी एखाद-दोन व्हीआर हेडसेट ठेवायला माझी हरकत नाही. आम्हीही ठेवले आहेत. रोजच्या जोडणीचं आणि देखभालीचं प्रशिक्षण मात्र मी एआरवरच सोपवेन. फक्त करार करण्याआधी विक्रेत्यासमोर फिक्स्चरवरचा एक सेन्सर चार बोटं सरकवा आणि सूचना बदलायला तुमच्या सुपरवायझरला बसवा. विक्रेत्याने हात न लावता ते त्याला जमलं, तरच सही करा.