कपकेकवरील फुले : बटरक्रीम की फॉन्डंट?

घरी केलेल्या साध्या कपकेकना फुलांचे रूप द्यायचे असेल, तर नागपुरात बटरक्रीम (लोणी आणि साखर फेटून केलेले क्रीम) आणि फॉन्डंट (लाटून कापता येणारा साखरेचा मऊ गोळा) यांतील निवड ऋतू पाहूनच करावी. लोणी साधारण ३२ ते ३५ अंश सेल्सिअसला वितळते आणि येथे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. त्यामुळे एसी नसलेल्या खोलीत बटरक्रीमच्या पाकळ्या टिकत नाहीत. फॉन्डंट मुख्यतः साखरेचा असल्याने तसा वितळत नाही, मात्र कोरड्या हवेत त्याला लवकर तडे जातात आणि पावसाळ्यात तो ओलावा शोषून चिकट होतो.

चवीच्या बाबतीत माझे मत निःसंशय बटरक्रीमच्या बाजूचे आहे. एक भाग लोण्यास दोन भाग आयसिंग शुगर घेऊन त्यात संत्र्याच्या सालीचा केवळ केशरी भाग किसून घातला, की फॉन्डंटचा एकसुरी गोडवा नकोसा वाटतो. हिवाळ्यात ८१ क्रमांकाच्या नोझलने (क्रीमच्या पिशवीच्या टोकाला बसवायच्या, अर्धचंद्राकृती तोंडाच्या नळीने) शेवंती अवश्य काढावी. कडेपासून आत येताना पाकळ्यांची प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा अधिक उभी ठेवली, म्हणजे फूल खरोखर उमललेले दिसते. फुले आदल्या दिवशीच करून ठेवायची असतील, तर साच्याने कापलेला फॉन्डंट अधिक सोयीचा ठरतो.