शहराचा ध्वनिनकाशा करू पाहणाऱ्यांसाठी ‘रेडिओ अपोरी’

अनेक भाषा आणि अनेक चालीरीती एकत्र नांदणाऱ्या शहराचा ध्वनिनकाशा, म्हणजे जागोजागचे आवाज ऐकवणारा नकाशा, रहिवाशांनी मिळून करायचा असेल, तर सुरुवात ‘रेडिओ अपोरी’ या संकेतस्थळावरील नकाशापासून करावी, असे मी आवर्जून सुचवेन. जर्मन कलाकार उडो नोल यांनी 2006 साली सुरू केलेल्या या नकाशावर जगभरातील लोकांनी ध्वनिमुद्रणे जोडली आहेत. ती इंटरनेट अर्काइव्ह या ऑनलाइन डिजिटल संग्रहातही जतन होत असल्यामुळे सर्वांची मेहनत एकाच संकेतस्थळाच्या भरवशावर राहत नाही.

नकाशावरील लाल वर्तुळावर टिचकी मारली की त्या जागेचा आवाज सुरू होतो. एकाच ठिकाणी वेगवेगळ्या वेळी केलेली ध्वनिमुद्रणे लागोपाठ ऐकता येणे, ही मला त्याची सर्वांत मोलाची बाजू वाटते: पहाटे जी घंटा दूरवरूनही स्वच्छ ऐकू येते, तीच संध्याकाळी वाहनांच्या घरघरीत बुडून जाते, आणि आपण काय गमावत आहोत हे कोणी समजावून न सांगताही कानांना कळते. कॅनडाचे संगीतकार आर. मरे शाफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1973 साली व्हँकूव्हर शहराच्या आवाजांचे दस्तऐवजीकरण प्रसिद्ध केले, त्यामागेही हीच कळकळ होती.

संगीतासाठी मात्र एवढे पुरेसे नाही. या नकाशाचा भर परिसराच्या ध्वनींवर आहे. रस्त्यावरचा वादक त्यात सहज सामावतो, पण स्थलांतरित कुटुंबांत, बंद दाराआड, चार नातेवाइकांपुरती गायली जाणारी गाणी त्यात येत नाहीत, आणि बहुविध शहराचे संगीत बऱ्याच अंशी तिथेच जिवंत असते. शिवाय वर्णन लिहितो तो ध्वनिमुद्रण करणारा. त्याला भाषा कळत नसेल, तर विवाहगीत असो वा शोकगीत, नोंद ‘स्त्रियांचे समूहगान’ एवढीच उरते. म्हणून गाणे कोणत्या भाषेतले, कोणत्या प्रसंगाचे, कोणाकडून शिकलेले, हे गाणाऱ्यांनाच विचारून त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे आणि प्रसिद्धीची परवानगी ध्वनिमुद्रणापूर्वीच घ्यावी. घरात गायलेल्या गाण्याची खूण त्या घरावर न लावता वस्तीच्या एखाद्या सार्वजनिक जागेवर लावावी, कारण नकाशावरचा नेमका बिंदू म्हणजे त्या कुटुंबाचा पत्ताच असतो.