फ्लॅटबेड स्कॅनर, नऊ महिने वापरून: मावशीआजीची शाळा शोधताना

स्कॅनर दिवाळीच्या आधी तापकीर गल्लीतून साडेसहा हजारांना घेतला. ए-फोर मापाचा, वजनाला हलका, वेगळा प्लग नाही, लॅपटॉपच्या यूएसबी वायरीवरच चालतो. ऑफिसचे कागद स्कॅन करायला मोबाइल पुरतो, त्यासाठी हे यंत्र घ्यायची गरज नाही. मी घेतला तो मावशीआजीच्या डब्यासाठी.

मावशीआजी म्हणजे माझ्या आजीची थोरली बहीण. वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात, घर कॅथलिक, जन्म १९२९चा. इंग्रजी इतकं स्वच्छ की टपाल कार्यालयात लोक तिच्याकडून अर्ज लिहून घ्यायचे. पण ती शिकली कुठे, हे ती गेल्यावर कुणालाच नीट सांगता येईना. आई म्हणायची, "मेरी कॉन्व्हेंट." खडकीची मावशी, म्हणजे मावशीआजीची मुलगी, ठामपणे म्हणायची, "अगं, कॅम्पातलं सेंट मेरीज. दुसरं कुठलं असणार?"

मला ते पटत नव्हतं. पुण्यात शाळेच्या नावात 'सेंट' आलं की आपण ती कॅथलिक धरून चालतो, तसं नाही. सेंट मेरीज ही १८६६ची अँग्लिकन शाळा, म्हणजे इंग्लंडच्या चर्चची, कॅथलिक नव्हे. १८७७ मध्ये इंग्लंडातल्या वाँटेजहून आलेल्या सिस्टर्स तिच्याशी जोडल्या गेल्या, त्याही अँग्लिकनच. १८६४ची बिशप्स शाळाही तशीच. कॅथलिक मुलग्यांसाठी जेझुइटांचं, म्हणजे एका कॅथलिक धर्मगुरू-संघाचं, सेंट व्हिन्सेंट्स होतं, १८६७चं. आणि १९१७च्या कॅथलिक धर्मसंहितेनुसार बिशपच्या परवानगीशिवाय मूल अ-कॅथलिक शाळेत घालायला मनाई होती. पणजोबा रोज पहाटे चर्चमध्ये मिस्साला, म्हणजे उपासनेला, जाणारे. त्यांनी मुलीला तिथे घातली असेल?

डब्यात निघालं काय, तर सत्तावीस फोटो, दोन प्रार्थनापुस्तकं आणि त्यांच्या पानांत ठेवलेली होली पिक्चर्स, म्हणजे छोटी धार्मिक चित्रं. दाखला नाही, प्रगतिपुस्तक नाही.

पहिले दोन महिने मी यंत्र चुकीचं वापरलं. प्रत्येक फोटो २४०० डीपीआयला, म्हणजे इंचाला २४०० ठिपके. एकेक फाइल उघडेपर्यंत चहा गार व्हायचा, आणि मोठं करून पाहिलं की कागदाचे तंतू दिसायचे, चेहरा नाही. कागदावरच्या जुन्या फोटोत तेवढा तपशील मुळात नसतोच. आता मी ६०० वर ठेवते, अगदी छोटा फोटो असेल तर १२००. जेपेगऐवजी टिफ. आणि काळापांढरा फोटो असला तरी स्कॅन रंगीतच करायचा. याचं कारण पुढे येईल.

यंत्राची खरी मर्यादा अशी की यात सीआयएस जातीचा सेन्सर आहे. काचेला टेकलेलं तेवढंच स्पष्ट येतं. वाकलेला फोटो, पुस्तकाच्या शिवणीजवळचं पान, हे सगळं धूसर. सीसीडी सेन्सरवाले स्कॅनर यात बरे, पण ते जड आणि महाग. शाळेच्या गटफोटोखालच्या पुठ्ठ्यावर स्टुडिओचा उठावाचा शिक्का होता. स्कॅनरचा दिवा सपाट पडतो, त्यात तो दिसलाच नाही. शेवटी खोलीत अंधार करून मोबाइलचा टॉर्च अगदी आडवा धरला, तेव्हा 'पूना' एवढं वाचता आलं. त्यात शाळा नव्हती. अल्बममध्ये चिकटलेले फोटो मात्र उपसू नका. पान अख्खं काचेवर ठेवा, झाकण काढून. माझ्या हातून एक फोटो कोपऱ्यात फाटला, त्याचं अजून वाईट वाटतं.

फेब्रुवारीत एका रविवारी होली पिक्चर्सकडे वळले. सेक्रेड हार्टचं, म्हणजे येशूच्या पवित्र हृदयाचं, एक चित्र, कडा कातरलेल्या लेससारख्या, आगपेटीपेक्षा थोडं मोठं. मागे काहीतरी लिहिलेलं, पण शाई उडून पिवळट ओरखडे राहिलेले. भिंगातूनही काही कळेना. रंगीत स्कॅन केलं आणि गिम्प या फोटो-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये लाल, हिरवा, निळा असे तीन थर वेगळे केले. तपकिरी-पिवळी शाई निळ्या थरात सगळ्यात गडद दिसते. लाल थरात कागद कोरा होता. निळ्यात मावशीआजीचं नाव उमटलं, त्याखाली 'फर्स्ट कम्युनियन, १९३७' (कॅथलिक मुलांचा पहिला ख्रिस्तप्रसाद), आणि एका मदरची, म्हणजे जोगिणीची, सही. सहीपुढे तीन अक्षरं: आर. जे. एम.

मी स्वयंपाकघरातून आईला हाक मारली. ती पीठाच्या हातानेच आली आणि पडद्यासमोर उभी राहिली.

ही अक्षरं सिस्टर ज्या धर्मसंघातल्या, त्या संघाची असतात. आर. जे. एम. म्हणजे रिलिजस ऑफ जीझस अँड मेरी, १८१८ मध्ये फ्रान्समधल्या लियॉनला क्लॉदीन तेवने यांनी स्थापलेला संघ. पुण्याच्या कॅम्पात या सिस्टर्सचं कॉन्व्हेंट १८६०पासून आहे. अपॉस्टॉलिक कार्मेल या दुसऱ्या कॅथलिक संघाच्या सिस्टर नावापुढे ए. सी. लावतात, वाँटेजच्या सी. एस. एम. व्ही. लावतात. म्हणजे आईचं 'मेरी कॉन्व्हेंट' खोटं नव्हतं. 'जीझस अँड मेरी'तलं अर्धं नाव तिच्या कानावर राहिलं होतं, आणि खडकीच्या मावशीने त्याला 'सेंट' जोडलं.

पण सहीवरून शाळा सिद्ध होत नाही. सिस्टर पॅरिशमध्ये, म्हणजे स्थानिक चर्चमध्येही शिकवत असतील, संघाची दुसरीही शाळा असेल. म्हणून आधी बाप्तिस्म्याचा दाखला काढला. नोंद लॅटिनमध्ये असल्यामुळे जॉन तिथे योआनेस होतो, नाव शोधताना हे लक्षात ठेवा. समासात लग्नाची नोंदही असते, त्यामुळे माहेरचं-सासरचं नाव जुळवता आलं. मग जन्मतारीख, वडिलांचं नाव, माझं नातं आणि अंदाजे वर्षं लिहून कॉन्व्हेंटच्या शाळेकडे साधा अर्ज केला. मागायचं असतं ते जनरल रजिस्टर. शाळा सोडल्याचा दाखला हरवला तरी मूळ नोंद तिथे असते. मॅट्रिक, सीनियर केंब्रिज की एसएससी, हे ठाऊक असेल तर तेही लिहा. एसएससी आपल्याकडे १९४९ पासून, त्यामुळे वर्षांचा अंदाज लागतो. रजिस्टर स्कॅन करू द्या म्हणून मी विचारलंही नाही. तसली शिवण या काचेवर दाबायची नसते.

स्कॅनर आता खडकीच्या मावशीकडे आठवडाभर असतो, तिच्या सासरचे कागद निघालेत. लॅपटॉपच्या पिशवीत मावतो, वीज गेली तरी चालतो. नऊ महिन्यांत काचेच्या आतल्या बाजूला धुळीचा एक ठिपका शिरलाय, प्रत्येक चित्रात उजवीकडे दिसतो. तेवढं सोडलं तर त्याच पैशात पुन्हा हाच घेईन.

जूनमध्ये शाळेतून बोलावणं आलं. आईला घेऊन गेले. बाईंनी रजिस्टरवर पट्टी ठेवून ओळ दाखवली. मावशीआजीचं नाव, पणजोबांचं नाव, जन्मतारीख दाखल्यातलीच. आईने त्या ओळीवर बोट ठेवलं नाही, वरच्यावर धरून शेवटपर्यंत नेलं. 'यापूर्वीची शाळा' या रकान्यात खडकी लिहिलंय, पुढचा शब्द शाईच्या डागाखाली. मी तो रकाना वहीत जसाच्या तसा उतरवून घेतलाय, डागासकट.