आठ महिने, दोन हार्ड डिस्क आणि एक वीतभर केबल

परवा आमच्या शेजारचे सर त्यांची हार्ड डिस्क ‘सारखी सुटते’, म्हणजे चालू असतानाच लॅपटॉपशी जोडणी तुटते, म्हणून नवी मागवायला निघाले होते. मी त्यांना थांबवलं, घरी जाऊन माझी जुनी केबल आणि नवी केबल आणली आणि दोन्ही त्यांच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. तासभर त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहिते आहे. गेल्या दिवाळीत घेतलेली २ टीबीची पोर्टेबल हार्ड डिस्क, टेप डेकचा आवाज लॅपटॉपमध्ये घेणारं एक यूएसबी साउंड कार्ड आणि ३५० रुपयांचा चार पोर्टचा हब, या तिघांचा हा आठ महिन्यांचा अनुभव. वेग, वजन, रंग वगैरे सगळीकडे वाचायला मिळतं, त्यात जात नाही.

काम काय होतं ते मात्र सांगायला हवं, नाहीतर एवढा जीव का टाकला ते कळणार नाही. आमचे बाबा गाण्याचे वेडे होते. मिरजेच्या दर्ग्यात खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या स्मृतीत होणाऱ्या मैफली, अंबाबाईच्या देवळातलं नवरात्रातलं गाणं, गल्लीतली भजनं, चार घरगुती बैठका, असं बरंच काही त्यांनी १९७८ ते १९९४ या काळात कॅसेटवर उतरवून ठेवलं. एकूण ११२ कॅसेट. बहुतेक नव्वद मिनिटांच्या, म्हणजे एका बाजूला ४५ मिनिटं. टेप डेकवरून लॅपटॉपमध्ये घेताना घाई चालत नाही, ४५ मिनिटांच्या गाण्याला ४५ मिनिटंच लागतात. चाळिसाव्या मिनिटाला काही सुटलं की रिवाइंड करून पुन्हा पहिल्यापासून. जुनी फीत दर खेपेला थोडी झडते, डेकच्या हेडवर तपकिरी पूड साचते, ती मी कापसाच्या बोळ्याने पुसते आणि प्रत्येक वेळी वाटतं, हे बाबांचंच काहीतरी पुसलं जातंय. म्हणून डिस्क सुटणं हा माझ्यासाठी किरकोळ वैताग नव्हता.

आवाज तुम्हाला माहीत असेल. विंडोजचा तो उतरत्या सुरातला ‘डिंग-डुंग’, आणि दोन सेकंदांनी पुन्हा चढता ‘डुंग-डिंग’. गेली आणि आली. तेवढ्या दोन सेकंदांत ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमधलं रेकॉर्डिंग बंद पडलेलं असायचं.

पहिला संशय अर्थातच हबवर. लॅपटॉपला डाव्या बाजूला दोन आणि उजवीकडे एक असे तीनच पोर्ट, म्हणून हब घेतला होता. त्याला स्वतःचा अडॅप्टर नाही. लॅपटॉपचा यूएसबी ३.० चा एक पोर्ट नियमाप्रमाणे ९०० मिलीअँपिअर देतो आणि तेवढ्यातच हबवरच्या चौघांनी भागवायचं. पोर्टेबल हार्ड डिस्कची तबकडी फिरायला सुरुवात होते त्या क्षणी ती एकटीच साधारण एक अँपिअर ओढते. मग बाकीच्यांना काय उरणार? हब काढला, डिस्क सरळ लॅपटॉपला लावली. सुटण्याचं प्रमाण कमी झालं, थांबलं नाही. हबबद्दल माझं मत एवढंच : माउस, कीबोर्ड, पेनड्राइव्ह यांच्यासाठी ठीक, फिरत्या डिस्कसाठी अजिबात नाही. डिस्क हबवरच लावायची असेल तर अडॅप्टरवाला हब घ्या, नाहीतर ते पैसे वाचवा.

दुसरा संशय डिस्कवर, आणि इथे माझे दोन महिने गेले. क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत तपासणारं सॉफ्टवेअर टाकून पाहिलं, प्रकृती चांगली दाखवत होतं. ०५ आणि सी५ हे दोन आकडे बघायचे असतात, खराब झालेले आणि खराब व्हायच्या वाटेवर असलेले सेक्टर. दोन्ही शून्य. पण विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे त्याच्या नोंदवहीत, दर वेळी १५७ क्रमांकाची नोंद : डिस्क अचानक काढली गेली. मी तर हात लावलेला नाही! वॉरंटी होती म्हणून सर्व्हिस सेंटरला गेले. पहिल्या खेपेला ‘दोष आढळला नाही’ म्हणून परत. दुसऱ्या खेपेला भांडले. लॅपटॉप सोबत नेला होता, तिथेच काउंटरवर डिस्क लावून बसले आणि वीस मिनिटांत ती सुटून दाखवली. तेव्हा कुठे बदलून द्यायला तयार झाले. सगळा डेटा आधी दुसरीकडे घेतला होता, कारण वॉरंटी डिस्कची असते, आतल्या डेटाची नाही.

आता नीट वाचा. जमा करून घेताना काउंटरवरच्या मुलाने सांगितलं, ‘मॅडम, फक्त डिस्क द्या. केबल, डबा काही नको.’ पंधरा दिवसांनी बदली डिस्क आली तीही नुसतीच, केबलशिवाय. मी घरी आले, ड्रॉवरमधून जुनी केबल काढली, लावली. तिसऱ्या दिवशी डिंग-डुंग.

राग मला याचाच सगळ्यात जास्त आहे. दोन खेपांमध्ये त्या काउंटरवर एकालाही ‘केबल बदलून पाहिली का’ हा प्रश्न सुचला नाही. मी वीस मिनिटांत डिस्क सुटून दाखवली ती माझ्याच केबलवर, आणि त्यांच्या मेजावर डिस्क निर्दोष ठरली ती त्यांच्या केबलवर. उत्तर दोन्ही बाजूंनी समोर पडलेलं होतं. माझे रिक्षाचे आणि बसचे पैसे गेले, एक निरोगी डिस्क बदलली गेली.

पण हे तेव्हा मला कळलं नव्हतं. बदली डिस्कही सुटायला लागल्यावर मी विंडोजच्या मागे लागले. पॉवर ऑप्शनमध्ये खोल आत ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ नावाची सोय असते, वीज वाचवण्यासाठी रिकामा बसलेला पोर्ट झोपवणारी. ती बंद केली. डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रत्येक यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये ‘वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्या’ अशी खूण असते, तीही काढली. (काही नव्या लॅपटॉपमध्ये पहिली सोय दिसतच नाही. तिथे दुसरी पाहा.) त्यानंतर अकरा दिवस एकदाही डिस्क सुटली नाही. मी बहिणीला फोन करून सांगितलं की प्रश्न सुटला, आणि या अनुभवाचा पहिला मसुदाही ‘सेटिंग बदला, काम झालं’ असाच लिहिला होता. तो मसुदा रद्द. बाराव्या दिवशी टेबल पुसायला लॅपटॉप उचलला, परत ठेवला, आणि डिंग-डुंग. अकरा दिवस काही झालं नव्हतं ते सेटिंगमुळे नव्हे, अकरा दिवस मी केबलला धक्का लावला नव्हता म्हणून. सेटिंग मी अजूनही बंदच ठेवली आहे, डिस्क काही वेळ नुसती पडून राहिल्यावर सुटत असेल तर ती नक्की बघा. माझी डिस्क चालू कामात सुटत होती, तिथेच मला फरक ओळखता यायला हवा होता.

माझा भाचा पुण्यात नोकरी करतो. त्याला फोन केला तर म्हणाला, ‘मावशी, घरात जुन्या मोबाइलची मायक्रो यूएसबी केबल असेल ना? ती डिस्कला लाव.’ मला वाटलं, ती कशी बसेल? पोर्टेबल डिस्कचं तोंड तुम्ही पाहिलं असेल, रुंद, चपटं, मध्ये खाच असलेलं, दोन भागांचं. त्यातला मोठा भाग म्हणजे आपल्या जुन्या मोबाइलचंच तोंड आहे, पाच पिनांचं, आणि शेजारच्या छोट्या भागात यूएसबी ३.० च्या जास्तीच्या पाच पिना. मोबाइलची केबल मोठ्या भागात व्यवस्थित बसते. केबल डेटाची हवी, नुसत्या चार्जिंगची नाही. डिस्क मग जुन्या यूएसबी २.० च्या वेगाने चालते. माझी सेकंदाला शंभर एमबीवरून पस्तीसवर आली. पण सुटली नाही. केबल हलवली, लॅपटॉप उचलला, चार दिवस वापरली. नाहीच.

मग मी डिस्कसोबत आलेली केबल खिडकीत उजेडाला धरून पाहिली. लांबी जेमतेम वीतभर. डिस्ककडच्या टोकाचा पत्रा एका कडेला अगदी किंचित फाकलेला, नखाने दाबला तर आत जायचा आणि सोडला की पुन्हा बाहेर. डिस्कमध्ये खोचून दोन बोटांनी उजवीकडे लोटली की डिस्कवरचा दिवा विझायचा, डावीकडे लोटली की लागायचा. आखूड केबल, त्यात डिस्क टेबलाच्या कडेला, म्हणजे डिस्कचं सगळं वजन रोज त्या तोंडावर तिरकं पडत होतं. एवढ्या रुंद आणि पातळ जोडणीला आधार म्हणून काहीच नाही, दोन बारीक हुक सोडले तर. हजारोंची डिस्क विकताना असली जोडणी आणि असली केबल द्यावी, हे मला पटत नाही. नव्या डिस्कना टाइप-सी तोंड असेल तर दोनशे-चारशे रुपये जास्त गेले तरी तीच घ्या, मी एरवी भाजीवाल्याकडे पाच रुपये सोडत नाही, तरी हे सांगते.

नवी केबल २६० रुपयांची. घेताना अर्धा मीटरची घेतली, आणि वायरवरची बारीक अक्षरं वाचून घेतली. ‘२८/२४ एडब्ल्यूजी’ असं काही छापलेलं असतं, त्यातला दुसरा आकडा वीज नेणाऱ्या तारेचा. आकडा जितका लहान तितकी तार जाड. विजेसाठी २८ ची तार असेल तर लांबीत व्होल्टेज पडतं, पाच व्होल्टवर चालणाऱ्या डिस्कला ते जाणवतं. नव्या केबलवर पूर्ण वेग मिळाला आणि डिस्क सुटणं बंद झालं. डिस्कखाली एक जुनी वही ठेवते, म्हणजे तोंडाला ताण येत नाही.

इथे अनुभव संपायला हवा होता. पण डिस्क शांत झाल्यावर लक्षात आलं की डिंग-डुंग अजून येतोच आहे, फक्त आता सुटतं ते साउंड कार्ड. मी वेळा वहीत लिहायला लागले. नऊ दिवसांत चौदा नोंदी, त्यातल्या बारा सकाळी सात ते सव्वासातच्या आणि संध्याकाळी सहाच्या आसपासच्या. सात वाजता आमच्याकडे नळाला पाणी येतं आणि मी मोटर लावते. संध्याकाळी वरच्या टाकीसाठी पुन्हा. म्हणजे दोन वेगळे रोग होते आणि दोघांचा आवाज एक! आठ महिने मी दोन्हींना एकच औषध शोधत होते.

लॅपटॉप चार्जरवरून काढून बॅटरीवर चालवला आणि मोटर लावली. साउंड कार्ड टिकलं. चार्जर लावला, मोटर लावली, सुटलं. तीनदा करून पाहिलं. शिवाय चार्जर लावलेला असताना लॅपटॉपच्या पत्र्यावर बोट फिरवलं की बारीक झिणझिण्या यायच्या, त्याकडे मी वर्षभर दुर्लक्ष केलं होतं. वायरमनला बोलावलं. त्याने टेस्ट लॅम्पची एक वायर फेजला आणि दुसरी बोर्डाच्या अर्थिंगच्या भोकात धरली. बल्ब पेटलाच नाही. ‘काकू, हितं अर्थिंग न्हाईच की. भोक हाय, वायर तुटलीया.’ तीन पिनांचा चार्जर लावून मी निश्चिंत होते, तिसरी पिन कुठे पोचतच नव्हती. मोटर सुरू होताना लाइनवर जो झटका येतो तो जिरायला जागा नव्हती. त्याने वायर जोडून दिली, मागच्या अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतायला सांगितलं, साडेचारशे रुपये घेतले. झिणझिण्या गेल्या, कॅसेट वाजताना मागे जो भुणभुण आवाज यायचा तोही बराच कमी झाला. हा तपास स्वतः बोर्ड उघडून करू नका, वायरमनकडूनच करून घ्या.

माउसचं राहिलं. डिस्कशेजारी माउसचा डोंगल (पोर्टात बसणारा छोटा रिसीव्हर) लावला की वायरलेस माउस अडखळायचा. यूएसबी ३.० च्या केबल आणि जोडण्यांमधून, असा माउस ज्यावर चालतो त्याच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट बाहेर पडतो, हे इंटेलनेच २०१२ मध्ये लिहून ठेवलं आहे. डोंगल उजव्या बाजूच्या पोर्टात टाकला, संपलं.

आणखी एक बदल केला तो सगळ्यांनी करावा असा. रेकॉर्डिंग आता थेट बाहेरच्या डिस्कवर करत नाही. एक बाजू म्हणजे २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झ या दर्जाला साधारण ७८० एमबी, तेवढी जागा लॅपटॉपच्या आतल्या एसएसडीवर निघते. तिथे पूर्ण करते, ऐकून बघते, मग डिस्कवर आणि दुसऱ्या एका डिस्कवर उतरवते.

साउंड कार्ड उत्तम, त्याला दोष नाही. डिस्क चांगली, पहिलीही चांगलीच होती असं आता वाटतं. हब माउसपुरता. डिस्कसोबतची केबल मात्र पहिल्याच दिवशी बाजूला काढा.

डिंग-डुंगची शेवटची नोंद वहीत ज्येष्ठातली आहे. काल ६३ क्रमांकाची कॅसेट झाली, लेबलवर बाबांच्या अक्षरात ‘दर्गा, पहाट, १९८३’. दुसऱ्या बाजूच्या शेवटी गाणं थांबल्यावर कुणीतरी माइकजवळ खोकतं आणि बाबा हळूच म्हणतात, ‘थांब, अजून बंद करू नको.’ हे उतरवताना मागे आमची मोटर चालू होती. रेकॉर्डिंग पूर्ण आलं.