चवळीच्या वेलावरचा मावा आणि आठ नंबरचे भिंग

लहानपणी फुलपाखरू चिमटीत धरले की बोटांना जी रंगीत भुकटी लागायची, ती भुकटी नसून पंखावरचे खवले असतात, हे शाळेच्या वयापासून ऐकून माहीत होते. डोळ्यांनी पाहिले ते मात्र गेल्या जूनमध्ये, खिडकीखाली मरून पडलेल्या एका पतंगाच्या पंखावर कॅमेरा रोखला तेव्हा. कौलारू घरावर कौले बसवावीत तशा खवल्यांच्या ओळी एकीवर एक चढत गेल्या होत्या आणि एका जागी चारदोन खवले गळून खालचा पारदर्शक पापुद्रा उघडा पडला होता. मी कितीतरी वेळ त्या एवढ्याशा उघड्या जागेकडेच पाहत राहिलो. हा फोटो ज्या भिंगामुळे निघाला, त्या रेनॉक्स डीसीआर-२५० या क्लोज-अप लेन्सविषयी, दोन पावसाळे ती सतत वापरल्यानंतर, लिहीत आहे.

ही स्वतंत्र लेन्स नव्हे. आपल्याकडे असलेल्या झूम लेन्सच्या तोंडावर चष्म्यासारखी चढवायची ती एक जोड आहे, आणि चष्म्याच्याच भाषेत सांगायचे तर तिचा नंबर अधिक ८ आहे. सोबत येणारी चाप असलेली कडी ५२ ते ६७ मिमी फिल्टर-व्यासाच्या लेन्सवर एका चिमटीत बसते. माझ्या ५५-२५० मिमी लेन्सवर ती लावून फोकस अनंतावर ठेवला की वस्तू भिंगापासून साधारण साडेबारा सेंटिमीटरवर असताना स्पष्ट दिसते, आणि २५० मिमीवर तिची प्रतिमा सेन्सरवर मूळ आकाराच्या दुप्पट पडते. याचा व्यवहारातला अर्थ असा, की क्रॉप सेन्सरच्या, म्हणजे फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सर असलेल्या कॅमेऱ्यात संपूर्ण चौकटीत जेमतेम ११ मिलिमीटर रुंदीचे जग मावते. करंगळीच्या नखाएवढ्या त्या जागेत एक मुंगी आरामात फिरते. कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसवायची पोकळ नळी, म्हणजे एक्स्टेन्शन ट्यूब, लावल्यावर जसा प्रकाश घटतो, तसा इथे जवळजवळ घटत नाही, ही गोष्ट आभाळ भरून आलेल्या दिवसांत फार मोलाची वाटते.

याआधी मी एका दुकानातून एकेरी काचेच्या क्लोज-अप भिंगांचा स्वस्त संच घेतला होता. त्यातून किड्याच्या प्रत्येक केसाभोवती जांभळी कड यायची आणि मध्यभाग सोडला तर बाकी सगळे पुसट व्हायचे. रेनॉक्सच्या या जोडीत तीन भिंगे आहेत, आणि रंगांचे ते फुटणे इतके कमी आहे की काळ्या मुंगीच्या मिशांवरची बारीक लवसुद्धा स्वच्छ उमटते.

मिशांचा उल्लेख मुद्दाम केला, कारण या भिंगाने दाखवलेली सर्वांत सुंदर गोष्ट त्यांचीच आहे. परसातल्या चवळीच्या कोवळ्या शेंगेवर काळा मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, पडला होता. औषध फवारण्याआधी दोन दिवस थांबू, असे म्हणून मी कॅमेरा घेऊन बसलो. शेजारी बसलेली माझी सात वर्षांची भाची मागच्या पडद्यावर पाहत होती. एक मुंगी माव्याच्या पाठीवर दोन्ही मिशांनी हलकेच थापट्या मारत होती. भाचीने विचारले, "मामा, ती त्याला गुदगुल्या करतेय का?" तेवढ्यात माव्याच्या मागच्या टोकाशी काचेच्या मण्यासारखा एक थेंब फुगला, त्यात आमच्या घराची उलटी आकृती क्षणभर दिसली आणि मुंगीने तो पिऊन टाकला. मुंग्या मावा राखतात आणि त्या बदल्यात त्याचा गोड स्राव घेतात, हे शेतकऱ्यांच्या घरात नवे नाही. पण तो थेंब प्रत्यक्ष वाढताना पाहिल्यावर फवारणी आणखी तीन दिवस पुढे गेली.

हे सगळे सहज साधत नाही. दुप्पट आकारात स्पष्टतेची खोली अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी असते. डोळा स्पष्ट आला तर पाय पुसट होतात. फोकसची कडी फिरवत बसण्यापेक्षा कोपर जमिनीवर टेकवून, श्वास रोखून, अंगच केसभर पुढेमागे न्यावे आणि डोळा चमकला की बटण दाबावे, हे जमायला मला महिना लागला. ही खोली थोडी वाढावी म्हणून लेन्सचे प्रकाश घेणारे छिद्र बारीक, एफ/११ च्या आसपास ठेवायचे म्हणजे फ्लॅश लागतोच, आणि उघड्या फ्लॅशने भुंगेऱ्याच्या पाठीवर पांढरा चट्टा येतो. पार्सलमध्ये येणारा पातळ पांढरा फोम फ्लॅशपुढे धनुष्यासारखा वाकवून बांधल्यापासून ती पाठ पितळेच्या घासलेल्या तांब्यासारखी मऊ उजळते. झूम ५५ मिमीच्या बाजूला नेली तर चौकटीचे कोपरे काळे होतात, म्हणून मी १०० च्या खाली उतरत नाही. मृगाचा किडा २५० मिमीवर चौकटीबाहेर जाऊ लागतो. त्याचे लाल मखमल अंगभर दाखवायचे तर १५० पुरते.

ज्यांना मुख्यतः चतुर आणि फुलपाखरे टिपायची आहेत, त्यांनी याच कंपनीची ४.८ डायॉप्टरची, म्हणजे ४.८ नंबरची, डीसीआर-१५० घ्यावी, कारण तिच्यात सुमारे वीस सेंटिमीटर अंतर राखता येते आणि लाजरा किडा उडून जात नाही. मुंग्या, मावा, तुडतुडे आणि पानामागे केसाएवढ्या देठावर टांगलेली क्रायसोपाची (मावा खाणाऱ्या जाळीदार पंखांच्या किड्याची) अंडी पाहायची असतील, तर मात्र डीसीआर-२५० च घ्यावी. जवळच्या बारीक गोष्टी टिपण्यासाठीच बनवलेल्या स्वतंत्र मॅक्रो लेन्सच्या तुलनेत ती फार थोड्या पैशांत मिळते, शर्टाच्या खिशात मावते, आणि पहिला पाऊस पडून गेल्यावर अंगणात उतरताना ती माझ्या खिशात असतेच.