एफई सिव्हिलची तयारी: हँडबुक, कॅल्क्युलेटर आणि आठ महिने स्लो लोकल

मी डोंबिवलीला राहते आणि पवईतल्या एका कन्सल्टन्सीत स्ट्रक्चरल डिझाइन करते. आमची सगळी कामं अमेरिकेतली. टेक्सासमधल्या गोदामांचे पाये, शाळांचे स्लॅब आम्ही इथे बसून काढतो आणि शेवटी त्यावर शिक्का पडतो तो तिकडच्या पीईचा, म्हणजे परवानाधारक प्रोफेशनल इंजिनिअरचा. सात वर्षं दुसऱ्याच्या शिक्क्याखाली आकडेमोड केल्यावर मलाही तो परवाना हवासा वाटायला लागला. त्याची पहिली पायरी म्हणजे एफई, फंडामेंटल्स ऑफ इंजिनिअरिंग. ऑफिसच्या कामासाठी मे महिन्यात तीन आठवडे ह्यूस्टनला जाणं पक्कं होतं, म्हणून परीक्षा तिथेच द्यायचं ठरवलं आणि आठ महिने आधी तयारीला बसले. पास झाले. त्या आठ महिन्यांत जे जे वापरलं त्याचा अनुभव लिहिते आहे, कारण मी शोधत होते तेव्हा मराठीत काहीच सापडलं नव्हतं.

आधी परीक्षेचं थोडक्यात. ११० प्रश्न, प्रत्यक्ष पेपर सोडवायला ५ तास २० मिनिटं, मध्ये २५ मिनिटांची सुट्टी. सगळं संगणकावर. उणे गुण नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. पेपर दोन भागांत येतो आणि पहिला भाग जमा केला की परत त्याच्याकडे वळता येत नाही. स्वतःची पुस्तकं, वही, काहीही आत नेता येत नाही. आत असतं ते फक्त एनसीईईएसचं, म्हणजे ही परीक्षा घेणाऱ्या अमेरिकेतल्या संस्थेचं, एफई रेफरन्स हँडबुक (सूत्रांचं आणि तक्त्यांचं पुस्तक), तेही पडद्यावर, पीडीएफमध्ये. डावीकडे प्रश्न, उजवीकडे हँडबुक.

तयारीचं सगळं गणित या हँडबुकाभोवती फिरतं, हे मला तिसऱ्या महिन्यात कळलं. पहिल्या दिवशी कळायला हवं होतं. एनसीईईएसच्या साइटवर खातं उघडलं की ते फुकट उतरवून घेता येतं. मी मात्र मैत्रिणीने पाठवलेली फाइल फोनमध्ये ठेवली आणि विसरून गेले. बी.ई.च्या वेळच्या सवयीने जुन्या वह्या काढल्या, सूत्रं पाठ करायला बसले. मुंबई विद्यापीठाच्या परीक्षा दिलेल्या माणसाला सूत्र पाठ नसणं म्हणजे अभ्यास नसणं वाटतं. इथे ती सवय पूर्ण सोडावी लागते. सूत्र समोर असतंच. ते दहा सेकंदांत सापडतं की दोन मिनिटांत, यावर सगळं अवलंबून आहे. एका प्रश्नाला सरासरी तीन मिनिटंसुद्धा मिळत नाहीत, त्यातली दोन शोधण्यात गेली तर सोडवणार कधी?

शोधताना हँडबुकाचा स्वतःचा शब्द लागतो. आपण 'युनिट वेट' म्हणतो, तिथे बऱ्याच ठिकाणी 'स्पेसिफिक वेट' आहे. इंजिनिअरिंग इकॉनॉमिक्समधले घटक हँडबुकातल्या नावाने शोधले नाहीत तर पानं चाळत बसावं लागतं. मी अशा शब्दांची एक यादी केली: मी काय म्हणते आणि हँडबुक काय म्हणतं. चाळीसएक शब्द झाले. मला सगळ्यात जास्त उपयोग या एका कागदाचा झाला.

आता लोकलचं सांगते. सकाळी डोंबिवलीहून स्लो पकडायची, कारण कांजूरमार्गला फास्ट थांबत नाही. कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा, ठाणे, मुलुंड, नाहूर, भांडुप, कांजूरमार्ग. एकूण नऊ टप्पे, आणि बहुतेक टप्प्यांना तीन-चार मिनिटं लागतात. म्हणजे एका स्टेशनाला एक प्रश्न. गाडी हलली की प्रश्न उघडायचा, पुढच्या फलाटावर थांबायच्या आत उत्तर. मुंब्रा ते कळवा अंतर लांब, तिथे मोठा प्रश्न घ्यायचा, ट्रसचा किंवा व्हर्टिकल कर्व्हचा. आमच्या लेडीज डब्यात बँकेत काम करणाऱ्या एक मावशी रोज माझ्यासमोर बसायच्या. पंधरा दिवस नुसतं बघत होत्या, मग विचारलं, "कसला गं अभ्यास?" सांगितल्यावर त्यांनी वेळेचं काम स्वतःकडेच घेतलं. नाहूर आलं की, "झालं का? नसेल झालं तर सोड, पुढचा घे." ही 'सोड, पुढचा घे' सवय त्यांनी लावली. परीक्षेत पहिल्या भागात सर्व्हेइंगच्या एका प्रश्नावर अडकले तेव्हा मला खरंच त्यांचा आवाज आठवला. मी तो प्रश्न सोडून पुढे गेले.

गर्दीत वही काढता येत नाही, त्यामुळे गाडीत फक्त शोधणं आणि कॅल्क्युलेटर. लिहून सोडवायचं ते रात्री, मुलगी झोपल्यावर. परीक्षेत कागद मिळत नाही, पुसता येणारी वही आणि मार्कर मिळतो. म्हणून मी स्टेशनरीच्या दुकानातून चार ए-फोर कागद लॅमिनेट करून घेतले आणि मार्करने त्यावरच सोडवत गेले. जाड मार्करने बारीक आकृती काढता येत नाही. फ्री बॉडी डायग्राम, म्हणजे वस्तूवरची सगळी बलं दाखवणारी आकृती, मोठी, सुटसुटीत काढायची सवय आधीच झालेली बरी.

कॅल्क्युलेटरबद्दल कळकळीने सांगते. फक्त ठरावीक मॉडेल चालतात. कॅसिओचं असेल तर नावात 'एफएक्स-११५' किंवा 'एफएक्स-९९१' असायलाच हवं. आपल्याकडे बऱ्याच जणांकडे एफएक्स-१००एमएस किंवा ८२एमएस असतो, ते चालत नाहीत. माझ्याकडे ९९१ईएस प्लस होता, तोच नेला. आठ महिने रोज वापरला, एकदाही दगा दिला नाही. मॅट्रिक्स, न्यूमेरिकल इंटिग्रेशन, तीन अज्ञातांची समीकरणं सगळं त्यात आहे. स्टॅटिक्सचे आधारबल काढताना समीकरणं सरळ त्यात टाकायची, हाताने सोडवत बसायचं नाही. त्यातली युनिट बदलायची सोय कॉलेजात मी कधी उघडलीच नव्हती. आकडा टाकायचा, शिफ्ट दाबून ८, मग क्रमांक. इंचाचं सेंटीमीटर ०१, फुटाचं मीटर ०३, पौंडाचं किलो २३, पीएसआयचं (चौरस इंचाला पौंड) किलोपास्कल ३५. हे चार क्रमांक मी पाठ केले. फक्त बाजारात नकली माल भरपूर आहे, चार पैसे जास्त गेले तरी खात्रीच्या दुकानातून घ्या.

युनिटांनी मला सगळ्यात जास्त दमवलं, आणि हे मी अपेक्षिलं नव्हतं. ऑफिसात सात वर्षं किप (हजार पौंड बल) आणि फूट बघते आहे, मला काय अडचण येणार? पण ऑफिसात सॉफ्टवेअरच्या कोपऱ्यातलं युनिट बदललं की भागत होतं. हाताला किपचा अंदाजच नव्हता. एक किप म्हणजे ४.४४८ किलोन्यूटन, पाण्याचं वजन घनफुटाला ६२.४ पौंड, ४००० पीएसआयचं काँक्रीट म्हणजे सुमारे २७.६ एमपीए. त्यातही मेख अशी की त्यांची ताकद सिलिंडरची आणि आपली १५० मिमीच्या घनाची. सिलिंडरची ताकद घनाच्या साधारण ०.८ पट येते, म्हणून त्यांचं ४००० पीएसआय आपल्या एम-२५ या काँक्रीटच्या ग्रेडच्या नाही, एम-३५ च्या जवळ बसतं. हे सांगून कुणी शिकत नाही, दोनदा चुकल्यावर शिकतो.

मॅनिंगच्या सूत्राचंही तसंच, म्हणजे नाल्यातल्या पाण्याचा वेग काढायच्या सूत्राचं. आपण मीटरमध्ये शिकलो, वरचा स्थिरांक १. हँडबुकात फुटांसाठी १.४८६. हा आकडा आला कुठून, हे मला रात्री अकरा वाजता उलगडलं आणि फार आनंद झाला. एका मीटरमध्ये ३.२८०८ फूट, त्याचं घनमूळ १.४८६. सूत्रातला खडबडीतपणाचा आकडा दोन्हीकडे तोच ठेवायचा म्हणून युनिटांचा हिशोब त्या एका स्थिरांकात घातलेला आहे. त्यानंतर मी तो कधी विसरले नाही. पाइपमधल्या प्रवाहाच्या हेझन-विल्यम्स सूत्रालाही दोन आकडे आहेत, मीटरला ०.८४९ आणि फुटाला १.३१८. प्रश्न वाचताना आधी युनिटाखाली बोट ठेवायचं, मग पुढे जायचं.

जुनं ज्ञान कुठे आड येतं आणि कुठे कामाला येतं, तेही सांगते. लोड कॉम्बिनेशनला, म्हणजे भारांना गुणक लावून बेरीज करताना, हात आपोआप १.५ कडे जातो, आयएस ४५६ ने, म्हणजे आपल्या काँक्रीटच्या मानकाने, तसा वळवलेला. इथे डेड लोडला (बांधकामाचं स्वतःचं वजन) १.२ आणि लाइव्ह लोडला (माणसं, सामान) १.६. मातीच्या वर्गीकरणात आपल्या आयएस १४९८ या मानकात लिक्विड लिमिट (माती पातळ होऊन वाहू लागते तेव्हाचं पाण्याचं प्रमाण) ३५ ते ५० असलेल्या मातीला मधला गट आहे, सीआय. तिकडच्या पद्धतीत मधला गट नाहीच, ५० च्या अलीकडे किंवा पलीकडे. सरावात मी दोनदा सीआय शोधत बसले होते. पण चाळण्या त्याच, ४.७५ मिमी आणि ७५ मायक्रॉन, फक्त नावं नंबर ४ आणि नंबर २००. स्टॉपिंग साइट डिस्टन्सला, म्हणजे अडथळा दिसल्यावर गाडी थांबवायला लागणाऱ्या अंतराला, ड्रायव्हरचा प्रतिक्रियेचा वेळ आपल्या आयआरसीत (इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमांत) अडीच सेकंद, तिकडेही अडीच. सर्व्हेला मात्र चेनेज (रस्त्याच्या सुरुवातीपासूनचं अंतर) मीटरमध्ये धरायची सवय सोडायची. १२+५० म्हणजे १२५० फूट.

क्लासबद्दल. एका ऑनलाइन क्लासला मी १८,००० रुपये भरले. नाव लिहीत नाही. शिकवणारे हुशार होते, पण शंभर तासांच्या रेकॉर्डिंगमध्ये एकदाही हँडबुक उघडलं नाही. स्वतःच्या स्लाइड्स, स्वतःची चिन्हं, सगळं मीटर-किलोन्यूटनमध्ये. दुसऱ्या महिन्यात पैसे परत मागितले, मिळाले नाहीत. त्या पैशांपेक्षा गेलेल्या दोन महिन्यांचं वाईट वाटतं. क्लास लावायचाच असेल तर आधी एकच विचारा: उदाहरण सोडवताना हँडबुकाचं पान पडद्यावर दिसतं का? नसेल तर लावू नका. एनसीईईएसचा सराव पेपर मात्र जरूर घ्या. प्रश्नांची भाषा, एकापेक्षा जास्त उत्तरं निवडायचे प्रश्न, रिकामी जागा भरायचे प्रश्न, हे दुसरीकडे इतकं नेमकं मिळत नाही. तो मी शेवटच्या महिन्यासाठी राखून ठेवला होता आणि एका रविवारी सलग बसून सोडवला. सासूबाईंनी त्या दिवशी दारावरची बेलसुद्धा बंद करून ठेवली होती.

एथिक्सचे चार ते सहा प्रश्न असतात. बरेच जण शेवटच्या रात्री वाचू म्हणून सोडतात. मी ते प्रकरण सगळ्यात सावकाश वाचलं. त्यात क्रम ठरवून दिलेला आहे: आधी जनतेचं आरोग्य, सुरक्षितता आणि हित, मग मालक आणि ग्राहक, मग व्यवसायबंधू. ज्या कामावर आपली देखरेख नव्हती किंवा ज्यातलं आपल्याला कळत नाही त्यावर सही करायची नाही. हे वाचताना मला सीएसएमटीबाहेरचा हिमालय हा पादचारी पूल आठवला. १४ मार्च २०१९ च्या संध्याकाळी, ऐन गर्दीच्या वेळी, ऑडिट होऊन गेलेला पूल खाली आला. त्या पुलावरून मी कित्येकदा गेले आहे. आपल्याकडे सगळ्या इंजिनिअरांना लागू होईल अशी परवान्याची परीक्षाच नाही. मुंबईत महापालिका स्ट्रक्चरल इंजिनिअरांची नोंदणी शिक्षण आणि अनुभव पाहून करते. परीक्षा असती म्हणून पूल वाचला असता असं मी म्हणत नाही. पण 'सही म्हणजे काय' हा प्रश्न चार वर्षांच्या बी.ई.त मला कुणी विचारला नव्हता, तो या परीक्षेने विचारला. तेव्हापासून ऑफिसात आकडेमोड तपासून 'चेक्ड बाय' खाली नाव टाकताना मी आधी पुन्हा एकदा पायाच्या रिअॅक्शन हाताने जुळवून बघते.

परीक्षेच्या दिवसाचं फार लिहिण्यासारखं नाही. केंद्र शांत होतं, पडदा मोठा होता, हँडबुक डोंबिवलीच्या गाडीत जसं चालायचं तसंच चाललं. दुसऱ्या भागात जिओटेक्निकल आणि ट्रान्सपोर्टेशन सलग आलं, तिथे दमले. सुट्टीत काहीतरी खा, मी नुसतं पाणी प्यायले आणि शेवटच्या तासात डोकं जड झालं. निकाल साधारण सात ते दहा दिवसांत, बहुधा बुधवारी येतो. माझा आला तेव्हा मी घरी परतले होते. नापास झालं तर विषयवार अहवाल मिळतो, पास झालं तर नुसतं 'पास'. गुण कळत नाहीत.

आता पुढे पीई सिव्हिल: ८० प्रश्न, आठ तास. त्याआधी राज्याच्या बोर्डाकडून पदवीचं मूल्यमापन आणि अनुभवाचे कागद. पीईचं हँडबुक वेगळं आहे, ते मी परवाच उतरवून घेतलं आणि या वेळी पहिल्या दिवसापासून फोनमध्ये उघडं आहे. तुम्हीही उतरवाल तेव्हा आवृत्ती नक्की बघा. एनसीईईएस मधूनमधून ती बदलतं आणि परीक्षेत त्या वेळची चालू आवृत्तीच दिसते. एफईला हँडबुक वापरायला लागल्यावर पहिले दोन महिने माझ्याकडे मैत्रिणीने पाठवलेली ती जुनी फाइलच होती, आणि पानं जुळेनात म्हणून मी स्वतःच्या शोधण्यालाच दोष देत होते.